सोपवलेली थप्पड

मिरचीचे व्यापारी बसगोंडा पाटील यांच्या गालावर सुंदराबाई रुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात जी थप्पड बसली, ती मालन बोरगावे हिच्या हाताची होती, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. वॉर्डातल्या बायकांनी ती पाहिली होती. ज्यांनी पाहिली नव्हती त्यांनी ऐकली होती. वाद एवढाच होता, की ती मारली कुणी.

हा वाद समजून घ्यायचा तर आधी बाही समजून घ्यायला हवी.

सुंदराबाई रुग्णालय हिरण्यकेशीच्या काठावर, तालुक्याच्या गावी. खाटा भरपूर, सिस्टर थोड्या. निम्म्या सिस्टर जर्मनीला गेल्या होत्या आणि उरलेल्यांतल्या निम्म्या जर्मन शिकत होत्या. सगळीकडे हीच रड झाल्यावर सोपवणुकीचे नियम आले. सिस्टरने आपली काही कामं प्रशिक्षण घेतलेल्या मदतनीस बाईकडे सोपवावीत. मात्र काम सोपवता येतं, निर्णय सोपवता येत नाही. सोपवण्याआधी पाच गोष्टी तपासायच्या: काम योग्य आहे का, माणूस योग्य आहे का, वेळ योग्य आहे का, सूचना स्पष्ट आहे का आणि देखरेख आहे का. सिस्टर मंडळींना हे पाच प्रश्न पाढ्यांसारखे पाठ होते.

बाही आली ती या पाचव्या प्रश्नासाठी. दिसायला ती कोपरापासून बोटांपर्यंतचा, मच्छरदाणीच्या कापडासारखा लांब हातमोजा. आपली बोटं हलतात ती कोपराखालच्या स्नायूंमुळे, आणि स्नायू हलतात ते मज्जातंतूंतून येणाऱ्या अगदी बारीक विजेमुळे. बाही तशीच बारीक वीज बाहेरून देते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत सिस्टर एक बाही घालून बसे, खाली वॉर्डात मदतनीस दुसरी घाले. सिस्टरने बोट वळवलं की मदतनिसीच्या बोटाला तसंच वळावंसं वाटे. नुसतं वाटे, जबरदस्ती नाही. गुरुजी पोराचा हात धरून पाटीवर ‘ग’ गिरवून घेतात, तसं. उलट, मदतनिसीच्या बोटाला जे लागे ते सिस्टरलाही वर जाणवे: शिरेचा उंचवटा, तापाची धग, सुरकुतलेली कातडी. मदतनिसीच्या चष्म्यातल्या कॅमेऱ्यातून सगळं दिसेही. एक सिस्टर खुर्चीतून न उठता सगळ्या मजल्यांवरचे टाके काढू लागली.

मग नियमांत एक ओळ वाढली. बाही चालू असताना मदतनिसीच्या हातून झालेली कृती सिस्टरची समजावी, बंद असताना झालेली मदतनिसीची.

सिस्टर एस्तेर भालेराव मिरजेच्या. शिस्त म्हणजे शिस्त. चादरीला सुरकुती दिसली तर रोग्याला उठवून ती सरळ करणाऱ्या. मालन बोरगावे गावातलीच. कामाला वाघ, तोंडाला त्याहून. दोघींचं आधी अजिबात जमत नसे. एस्तेरबाई म्हणत, “मालन, तू बोलतेस तेवढं काम केलंस तर मी मिरजेला जाऊन झोपेन.” मालन म्हणे, “जावा की. मी इथं चादरी चुरगाळते.” मशीन बसवायला आलेल्या माणसाने दोघींच्या हातांची मापं जुळतात म्हणून त्यांची जोडी लावली, आणि ती वर्षभर तशीच राहिली.

या वर्षभरात जे घडलं, ते कंपनीने खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. माणसाच्या मेंदूत त्याच्या हाताचा एक नकाशा असतो आणि मेंदू तो सतत खोडून नव्याने काढत असतो. आंधळ्या माणसाला काठीच्या टोकाने रस्ता ‘लागतो’ तो यामुळेच. मेंदूने काठी नकाशात घेतलेली असते. रोज पाच-सहा तास दुसरीच्या हाताने जगलं तर ती दुसरीही नकाशात शिरते.

एका रविवारी एस्तेरबाईंनी घरी भाकरी थापली. त्यांचे यजमान सॅम्युएल हे गणिताचे शिक्षक. गेली पंचवीस वर्षं ते बायकोच्या हातची भारताच्या नकाशासारखी भाकरी तक्रार न करता खात आले होते. त्या दिवशी ताटात पूर्ण वर्तुळ आलं. त्यांनी ते फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

“कुठून आणलीस?”

“केली.”

“कुणी?”

एस्तेरबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं.

तिकडे मालन चुलीपुढे बसण्याआधी हात धुऊ लागली. कोपरापर्यंत साबण, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गोल गोल. तिची सासू बघत राहिली. “भाकरी करतीस का आपरेशन?” तिनं विचारलं.

रुग्णालयाचे प्रमुख डॉ. अभिनंदन मगदूम यांच्या मुलीच्या बारशाला तर वेगळंच झालं. एस्तेरबाई पाळण्याजवळ गेल्या, बाळावरून दोन्ही हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, आयुष्यात कुणाची दृष्ट न काढलेल्या बाई. सगळ्यांत आनंद डॉक्टरांच्या आईला झाला. एस्तेरबाई मात्र हात पदराखाली घेऊन घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालनला कानातल्या यंत्रातून विचारलं, “तू दृष्ट काढतेस का गं लोकांची?”

“काढते की. वार्डातल्या सगळ्या बाळंतिणींच्या पोरांची. का?”

“काही नाही. जरा बेतानं काढत जा.”

भांडण मात्र हळूहळू कमी झालं. ज्या हातानं दिवसभर आपल्याला मदत केली, त्याच्याशी संध्याकाळी भांडायला जोर येत नसावा.

बसगोंडा पाटलांची आई शिवाक्का तेव्हा वॉर्डात होती. वय सत्तरीच्या पुढे, हृदय अशक्त. डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं, पण अगदी थेंब-थेंब. असल्या हृदयाला सलाईन भरकन गेलं तर ते पाणी उपसता येत नाही, छातीत साठतं आणि श्वास कोंडतो. हे बसगोंडांना सांगून झालं होतं. बसगोंडा मात्र रोज येऊन हेच विचारत, “ही बाटली कवा संपायची?” आईवर त्यांची माया नव्हती असं नाही. त्यांना सगळंच लवकर लागे. बाजारात मिरचीचा भाव ते पोतं उघडायच्या आधी ठरवत.

त्या दिवशी शिवाक्का दुपारच्या जेवणानंतर तोंड उघडं टाकून घोरत होती. मालन तिच्या हातावरची सुई धरून ठेवणारी चिकटपट्टी बदलत होती, बाही चालू होती आणि वर एस्तेरबाई पडद्यावर बघत होत्या. बसगोंडा आले. त्यांच्याबरोबर आधी मिरचीचा वास आला, दोन खाटांवरच्या बायका शिंकल्या.

“अजून हीच बाटली?”

“हळूच द्यायची हाय, साहेब. सांगितलंय तुम्हांला.”

“सकाळी पण एवढीच हुती. माझी गाडी उभी हाय. मी बघतो काय ते.”

त्यांनी नळीवरचं चाक धरलं आणि पूर्ण फिरवलं. थेंबांची धार झाली. धार बरोबर लागली का हे बघायला ते नळीजवळ तोंड नेऊन वाकले.

मालनचा हात उचलला गेला. थप्पड बसली. आणि हात तिथं थांबला नाही. तसाच पुढे जाऊन त्याने चाक उलटं फिरवलं, धार बंद केली, थेंब पुन्हा मोजून लावले आणि मग खाली आला.

शिवाक्का जागी झाली आणि तिनं विचारलं, “काय झालं?”

“मारलं मला,” बसगोंडा म्हणाले. “हिनं मारलं.”

“मी न्हाई मारलं,” मालन म्हणाली, आणि ती खरोखरच चकित झालेली दिसत होती.

वर खोलीत एस्तेरबाईंचा तळवा झिणझिणत होता.

संध्याकाळी मालन वर आली. दार लावून घेतलं.

“सिस्टर, काय हो केलंत हे?”

“मी? मी चाक बंद करायला हात नेला. थप्पड तुझी.”

“माझा हात तुमच्या ताब्यात. तुमी नेला, गेला.”

“चाकाकडे नेला, मालन. गालाकडे नाही.”

“मग गाल मधे आला त्याला मी काय करू?”

त्या दिवशी वर्षभराची राहिलेली सगळी भांडणं त्यांनी एकदमच उरकून घेतली.

बसगोंडांनी नर्सिंग परिषदेकडे तक्रार केली. बाही वापरताना मारहाण झाल्याची ही पहिलीच तक्रार, त्यामुळे परिषदेने चौकशी समिती नेमली. सिस्टरवर ठपका आला तर त्यांची नोंदणी जाणार. मदतनिसीवर आला तर तिचं प्रमाणपत्र रद्द, म्हणजे नोकरीच गेली.

डॉ. मगदूम यांनी एस्तेरबाईंना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. चहा पाजला म्हणजे काहीतरी नको ते सांगणार, हे एस्तेरबाईंना ठाऊक होतं.

“सिस्टर, त्या क्षणी बाही बंद पडली असेल. पडते कधीकधी. तुम्ही तेवढं सांगा. मग कृती मालनची ठरते. मदतनीस दुसरी मिळेल. तुमच्यासारखी सिस्टर मला जर्मनीतून परत आणावी लागेल.”

“बाही चालू होती, डॉक्टर.”

“मी कुठं बंद होती म्हणतोय? बंद पडली असेल म्हणतोय.”

एस्तेरबाईंनी घरी जाऊन झालं ते सांगितलं. सॅम्युएलनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “हात गालाकडे जातोय हे तुला कळलं होतं का?”

एस्तेरबाई त्या रात्री जेवल्याही नाहीत.

मालनला तिच्या घरी उलटा सल्ला मिळत होता. नवरा म्हणाला, “नियमच हाय तसा. बाही चालू, म्हणजे सिस्टरनं मारलं. तू गप ऱ्हा.”

“आणि त्यांची नोंदणी गेली तर?”

“जर्मनीला जातील.”

“त्यांना जर्मन येत न्हाई,” मालन म्हणाली. “आणि त्या गेल्या की माझा अर्धा हात जाईल.” नवऱ्याला हे काही समजलं नाही.

समिती रुग्णालयाच्याच सभागृहात बसली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश मंदाकिनी आराध्ये. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या बाई; त्या हळू बोलत म्हणून सगळे ऐकत. शेजारी परिषदेचे एक सदस्य आणि बाही बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर तन्वी. समोर एका बाजूला बसगोंडा, दुसऱ्या बाजूला सिस्टर आणि मालन, मध्ये रिकामी खुर्ची ठेवून बसलेल्या.

आराध्येबाईंनी सोपी सुरुवात केली. “थप्पड कुणी मारली?”

“मी,” एस्तेरबाई म्हणाल्या.

“मी,” त्याच वेळी मालन म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“एकच बसली होती ना?” आराध्येबाईंनी बसगोंडांना विचारलं.

“एकच. पण दोघींची आसल्यागत बसली.”

तन्वीला बोलावलं. तिनं सांगितलं की बाही मुद्दामच कमजोर बनवलेली असते. ती हाताला दिशा सुचवते, पण एवढ्या जोराने हात उचलण्याची ताकद तिच्यात नाही. दिशा वरून आली असेल, जोर मात्र घालणाऱ्या बाईच्याच स्नायूंचा.

“म्हणजे मालनताईंनी मारली.”

“जोर त्यांचा, मॅडम. हात उचलला गेला तो सिस्टरच्या इशाऱ्यावर.”

मालन उभी राहिली. “खरं हाय ते. ह्या साहेबांना एक द्यावी असं मला ते आले त्या दिवसापासनं वाटत हुतं. रोज हात आवरून धरत हुते. त्या दिवशी सिस्टरनी हात वढला आणि मी आवरायचं सोडून दिलं. जोर माझा. शिक्षा मला द्या.”

“बस, मालन,” एस्तेरबाई म्हणाल्या. “मॅडम, मी हात चाकाकडे नेत होते. वाटेत यांचा गाल आला. तो मला दिसला. हात वळवायला वेळ होता. मी या हाताने हजारो शिरा शोधल्या आहेत, एक गाल चुकवता आला नसता असं नाही. मी चुकवला नाही. बाही चालू होती. नियमाप्रमाणे कृती माझी.”

मालनने मधली रिकामी खुर्ची बाजूला केली आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

परिषदेचे सदस्य खूश झाले, कारण आता दोघींवरही ठपका ठेवता येत होता. सिस्टरने निर्णयात मदतनिसीला वाटेकरी केलं, मदतनिसीने निर्णय घेतला, दोन्ही नियमबाह्य. आराध्येबाई मात्र पेन हातात धरून बसून राहिल्या. त्यांनी विचारलं, “ज्या बाईंच्या खाटेपाशी हे झालं, त्यांना कुणी विचारलंय का?”

शिवाक्काला चाकांच्या खुर्चीतून आणलं. तब्येत आता बरी होती, डोक्यावर पदर, कपाळावर विभूती. तिनं मुलाकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं आणि म्हणाली, “एवढी माणसं कशाला जमलीसा? ती थप्पड माझी हाय.”

“तुमची?” आराध्येबाई म्हणाल्या.

“माझी. ल्योक माझा, थप्पड माझी. माझ्या हाताला सुई हुती, हात उचलत नव्हता. म्हणून मालनच्या हातानं दिली.”

परिषदेचे सदस्य म्हणाले, “आजी, सोपवण्याचा अधिकार फक्त सिस्टरना असतो.”

“आसं कसं? माझी वेणी मी मालनकडनं घालून घेते. पाणी तिच्याकडनं पिते. तवा कुठं सिस्टरला इचारते?”

आराध्येबाईंनी नियमांची प्रत पुढे ओढली. थोडा वेळ चाळली. “आहे,” त्या म्हणाल्या. “रुग्णाला एरवी स्वतः करता येणारं, पण आजारपणामुळे न जमणारं काम रुग्णाला स्वतःच्या इच्छेने मदतनिसीकडे सोपवता येतं. वेणी, पाणी, पत्र लिहिणं, इत्यादी.”

“ह्यो इत्यादी,” शिवाक्का म्हणाली.

“पण त्यालाही पाच प्रश्न लागू आहेत, आजी. मला विचारावे लागतील. काम योग्य होतं?”

“माझा जीव घ्यायला निघालाता त्यो. आईनं दुसरं काय करायचं आसतंय?”

“माणूस योग्य होता? म्हणजे, ज्यांच्याकडे सोपवलंत त्या.”

“मालनचा हात चांगला बसतोय. इचारा त्याला.”

बसगोंडांनी नकळत गालाला हात लावला.

“सूचना स्पष्ट होती? तुम्ही काय शब्दांत सांगितलंत?”

“शबुद कशाला? मी तिच्याकडं बघितलं. बाईमाणसाला कळतंय.”

“देखरेख?”

“मी शेजारीच हुते. कुठं जाणार?”

“आणि वेळ? वेळ योग्य होती?”

इथं शिवाक्का पहिल्यांदा अडखळली. तिनं मुलाकडे नीट पाहून घेतलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “वेळ चुकली. चाळीस वर्षांपूर्वी पायजे हुती.”

परिषदेच्या सदस्यांना खोकला आला. आराध्येबाईंनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं, मग बसगोंडांना विचारलं, “पाटील, तक्रार तुमच्या आईंविरुद्ध चालवायची आहे का?”

बसगोंडा उठले. मिरचीच्या बाजारात कुणापुढे न वाकलेला माणूस. आता त्यांना हात कुठं ठेवावेत ते सुचेना.

“डॉक्टरांनी मला सांगितलं हुतं, चाक फिरवायचं न्हाई म्हणून,” ते म्हणाले. “मी ऐकलं न्हाई. आईला काय झालं आसतं तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “मागे घेतो तक्रार.”

निकाल नंतर लेखी आला. थप्पड आईची ठरली. सिस्टरना सूचना मिळाली, की यापुढे सलाईन बंद करण्याआधी तोंडाने ‘बाजूला व्हा’ म्हणावं. मालनला काहीच मिळालं नाही. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या समितीनं मला काहीच दिलं न्हाई, हेच लई झालं. तन्वीने मात्र दोघींचे हात तपासले आणि तिचा चेहरा गंभीर झाला. नकाशे फारच मिसळले होते. यापुढे कुठलीच जोडी एवढे महिने एकत्र ठेवायची नाही, असं कंपनीने ठरवलं, आणि दोघींना वेगळं करायचा कागद आला.

एस्तेरबाई कागद घेऊन डॉ. मगदूमांकडे गेल्या. या वेळी चहा त्यांनीच मागवला.

“मला मालनबरोबरच काम करायचंय.”

“बाहीने करता येणार नाही, सिस्टर. कंपनीचा नियम.”

“बाही नकोच. देखरेख समोर उभं राहूनही करता येते. नियमांत ते अजून आहे, कुणी खोडलेलं नाही.”

“म्हणजे तुम्ही खुर्ची सोडून वॉर्डात फिरणार? या वयात?”

“मिरजेला आम्हांला तेच शिकवलं होतं.”

डॉक्टरांनी हिशेब केला. वर्षाअखेरीला सिस्टर दोन तरी उरायला हव्या होत्या. त्यांनी सही केली.

शिवाक्का घरी जायला निघाली त्या दिवशी एस्तेरबाई खाली वॉर्डातच होत्या. बसगोंडा गाडी दाराशी आणायला गेले होते. मालनने म्हातारीला धरून खुर्चीत बसवलं, शाल नीट केली आणि कुणी ऐकत नाही असं बघून खाली वाकली.

“आक्का, एक इचारू? त्या दिवशी तुमी माझ्याकडं कुठं बघितलं? तुमी तर घोरत हुता.”

“हुते की.”

“मग समितीपुढं खोटं बोललासा?”

शिवाक्कानं थोडा विचार केला.

“खोटं न्हाई गं,” ती म्हणाली. “मी झोपेत हुते. आवाजानं जाग आली. आणि आवाजावरनं मला वाटलं, मीच दिली आसंल.”